घरचा महिन्याचा वाणसौदा व आगोटीची बेगमी

शेतातील खर्चाचा हिशेब ठेवावा, हे आता बहुतेक बागायतदारांस व भातशेती करणाऱ्यांस पटलेले आहे. खत किती पडले, लावणीस मजूर किती लागले, नारळ किती उतरले, ह्यांची नोंद पुष्कळ घरी सापडते. परंतु त्याच घरात महिन्याचा वाणसौदा किती रुपयांचा होतो असे विचारले, तर यजमान घरात पाहतात, घरातील मंडळी वाण्याच्या चोपडीचे नाव सांगतात, आणि ती चोपडी वाण्याच्या दुकानात असते.

ज्यांनी महिन्याचा आकडा ठरवून पाहिला आहे, त्यांची तक्रार निराळी आहे. ते म्हणतात की, पाच हजारांत भागवावयाचे असा निश्चय केला, कार्तिक-मार्गशीर्षात तो पाळलाही गेला. पण वैशाख लागताच त्याचे तीनतेरा वाजले, आणि गणपती उलटल्यावर पाहावे तो वाण्याचे देणे मागील सालाइतकेच. मग दोष कोणाच्या तरी माथी मारला जातो. बहुधा तो घरच्या मंडळींच्या हाताच्या सैलपणास लागतो. आमच्या अनुभवाप्रमाणे हा दोष बहुतेक घरी खोटा असतो. हात सैल नसून आकडाच चुकलेला असतो, आणि चुकलेला आकडा कितीही काटकसरी गृहिणीस पाळता येत नाही.

आकडा चुकतो तो असा. महिन्याचा अंदाज ही पद्धत पगारदार कुटुंबाची आहे. त्याचा पैसा महिन्यास येतो, दाणागोटा महिन्यास येतो, आणि दोन्ही महिन्यास संपतात. शेतकऱ्याचे उत्पन्न वर्षातून दोन-तीन वेळा येते. भात दिवाळीच्या सुमारास, सुपारी हिवाळ्यात, आंबा असल्यास चैत्र-वैशाखात. नारळाचा पैसा तेवढा मधून मधून हाती लागतो. खर्चही सपाट नसतो. त्यात एक उंच डोंगर आहे व दोन-तीन टेकड्या आहेत. हा डोंगर म्हणजे आगोट.

आमचे दिघी हे गाव श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. समोर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला व पलीकडे मुरूडचा किनारा. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत हा सर्व मुलूख त्या संस्थानात होता. मुंबईहून माल यावयाचा तो मुख्यतः समुद्राने, आणि किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटी पावसाळ्याच्या महिन्यांत बंद असत. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे आगोटीस, चार महिन्यांचे जिन्नस घरात भरून ठेवण्याची चाल पडली. मीठ, मिरची-मसाला, डाळी, कांदे, आमसुले, सुकी मासळी, सर्पण, हे सर्व मृगापूर्वी घरात आलेच पाहिजे. ह्या साठ्यासही आपण आगोटच म्हणतो. आता घाटावरून रस्ता बारमाही आहे, आगरदांडा व दिघी ह्यांच्या दरम्यान मोटारगाड्या वाहून नेणारी जंगल जेटी चालते, बोर्लीपंचतनच्या बाजारात भर आषाढातही सर्व काही मिळते. तरी आगोट सुटली नाही, आणि ती सर्वस्वी सोडावी असे आमचे मतही नाही. पण ती महिन्याच्या आकड्यात कोणी धरीत नाही, हे मात्र खरे.

कुटुंबाचा सबंध वर्षाचा जमाखर्च मांडून शेतकऱ्याची स्थिती पाहण्याचा प्रयत्न आपल्या प्रांतात जुना आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली, व पुढे १९२१ साली श्री. कानिटकर ह्यांच्या साहाय्याने जातेगाव बुद्रुक ह्या गावाची केली. केवळ जमिनीवर निभणारी कुटुंबे, जमीन व बाहेरची मजुरी मिळून निभणारी कुटुंबे, आणि दोन्ही मिळूनही न निभणारी कुटुंबे असे वर्ग त्यांनी पाडले, आणि तिसऱ्याच वर्गाची संख्या मोठी निघाली. आमच्या विषयास त्यातून घ्यावयाचे ते एवढेच की, कोणते कुटुंब कोणत्या वर्गात बसते हे वर्षाचा हिशेब मांडल्यावाचून त्या कुटुंबासही कळत नाही. कार्तिकात प्रत्येक घर पहिल्या वर्गात असते व श्रावणात तिसऱ्या.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत. समजा, पाच माणसांचे कुटुंब आहे, तांदूळ घरचा आहे, आणि साध्या महिन्यात तेल, डाळ, गहू, साखर, चहा, साबण वगैरे मिळून ५,००० रुपयांचा रोख सौदा होतो. यजमान हाच आकडा धरून चालतात. वर्षाचे ६०,००० झाले. परंतु आगोटीचे म्हणून जे वेगळे जिन्नस वैशाखात येतात, ते समजा १२,००० रुपयांचे; गौरी-गणपतीस ५,०००; दिवाळी व शिमगा मिळून ३,०००; मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या मुलाबाळांच्या व पाहुण्यांच्या पायी ४,०००. ही बेरीज २४,००० रुपये. म्हणजे वर्षाचा खरा सौदा ८४,००० रुपयांचा, व महिन्याचा खरा आकडा ७,००० रुपयांचा झाला. जो गृहस्थ ५,००० म्हणतो तो महिन्यास २,००० रुपये चुकतो, आणि ही चूक ज्या वहीत साठत जाते तिचेच नाव वाण्याची चोपडी.

ह्या २४,००० रुपयांचे मोल भाताच्या मापाने पाहावे. २०२५–२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलास २,३६९ रुपये ठरली आहे. तिने भागता दहा क्विंटलांहून थोडे अधिक भात होते. आता त्याच घरास खावयास किती लागते ते पाहा. माणशी दररोज ३०० ग्रॅम तांदूळ धरला, तर पाच माणसांस महिन्यास ४५ किलो व वर्षास ५४० किलो झाला. शंभर किलो भातापासून भरडून सुमारे ६६ किलो तांदूळ मिळतो असे धरले, तर त्यासाठी सव्वाआठ क्विंटल भात पुरे. म्हणजे न धरलेला खर्च फेडण्यास जे भात घालावे लागते, ते सबंध घराच्या वर्षाच्या भाताहून अधिक आहे. खळ्यावरून घरात येण्याऐवजी भात थेट व्यापाऱ्याच्या गाडीत का चढते, ह्याचे उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे.

आणि नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. देणे फेडण्यासाठी जो दिवाळीत खाण्याचे भात विकतो, तोच श्रावणात तांदूळ विकत घेतो. आधारभूत किमतीने विकलेल्या भातातील तांदूळ त्याला किलोमागे सुमारे ३६ रुपये देऊन गेला. दुकानी तो तांदूळ समजा ४८ रुपयांनी परत घेतला. ५४० किलोंवर हा फरक साडेसहा हजारांजवळ जातो. भरडाई व वाहतूक वजा घातली, तरी चार-पाच हजार रुपये घरातून गेले, आणि त्याबद्दल घरात काही आले नाही. गरजवंतास खरेदी-केंद्राची पाळी येईपर्यंत थांबवत नाही, म्हणून तो खळ्यावरच कमी भावाने देतो. तेव्हा फरक आणखी वाढतो. आमच्या मते किराण्याच्या अंदाजातील पहिली व सर्वांत मोठी बचत तेलात नाही, साखरेत नाही. ती खाण्याचे भात न विकण्यात आहे. भात कणगीत पडताच वर्षाचे खाण्याचे, बियाण्याचे व पाहुण्यांचे मिळून नऊ-साडेनऊ क्विंटल वेगळे काढावे व उरलेल्यालाच विक्रीचे भात म्हणावे. ज्या घरास शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मिळते, त्याने तेवढे वजा घालावे. पण जे मिळते ते खाल्ले जाते की नाही हेही खरेपणाने पाहावे, कारण कित्येक घरी ते कोंबड्यांस पडते व घरचाच तांदूळ शिजतो.

घरचे धान्य फुकटचे समजू नये, त्याची किंमत वहीत लिहावी, असे आम्ही प्रथम सुचविले तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनी विचारले, “आपलेच भात आपल्यालाच विकावयाचे की काय?” विकावयाचे नाही, लिहावयाचे. ज्याची किंमत लिहिलेली नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते कोणासही देता येते. घरचे वाल, नारळ, कोकम, परसातील भाजी ह्यांनाही हेच लागू आहे. वर्षात स्वयंपाकास लागणाऱ्या नारळांची किंमत लिहून पाहिली, तेव्हा आमच्या घरी ती साखरेच्या व चहाच्या खर्चास मागे टाकून गेली, आणि ह्याचे सर्वांस आश्चर्य वाटले.

वर्षाचा अंदाज बसवावयाचा कसा, असा प्रश्न पुढे येतो, कारण मागील नोंदी कोणाजवळ नसतात. त्यासाठी वर्षभर थांबण्याचे कारण नाही. वाण्याच्या चोपडीवरून मागील बारा महिन्यांच्या बेरजा उतरवून घ्याव्यात. कोणताही नेकीचा दुकानदार त्यास ना म्हणत नाही. जे रोखीने घेतले ते पुष्कळांच्या मोबाईलमध्ये सापडते, कारण हल्ली दहा रुपयांचा पुडाही त्यावरून पैसे देऊन घेतला जातो. हे किरकोळ आकडे एकत्र करण्यास एक संध्याकाळ पुरते. एरवी ज्या लहान खर्चाचा मागमूस राहत नसे, त्याची तारीखवार नोंद आता आपोआप राहते, ही सोय आपल्या आज्यास नव्हती. मात्र ती पाहिली पाहिजे. सणांचे व पाहुण्यांचे आकडे घरातील बायकांस बिनचूक आठवतात. त्यांस विचारावे, व त्या सांगतील त्यात कमी करू नये.

आकडा बांधताना आधी वजन लिहावे व मग रुपये. पुष्कळ अंदाज रुपयांत बांधले म्हणून मोडतात. तेलाचेच घ्या. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. कच्च्या पामतेल, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात-जकात सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्क्यांवर गेली, आणि मे २०२५ च्या अखेरीस ती १० टक्क्यांवर आली. अशा जिनसाचा रुपयांतील आकडा दिघीच्या शेतकऱ्याने ठरवून काय उपयोग? पण तेल किती खावयाचे हे मात्र तो ठरवू शकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शिका काढली, तीत दिवसास २,००० कॅलरींच्या आहारात तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. पाच माणसांस महिन्यास ते चार किलोंच्या आसपास, म्हणजे साधारण साडेचार लिटर झाले. आमच्या घरी मोजून पाहिले तेव्हा सात लिटर निघाले. अडीच लिटर कोठे जात होते? तळणात जात होते, आणि उरलेले तळण-तेल टाकून देण्यात. वजनाची मर्यादा घातल्यावर भाव चढला तरी तेल साडेपाचांच्या वर गेले नाही. साडेचारांवर मात्र आम्हांस अद्यापि येता आलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता कोठे कापावे व कोठे कापू नये. हात आखडता घ्यावयाचा झाला की घरोघरी प्रथम डाळ पातळ होते. हे उलटे आहे. त्याच मार्गदर्शिकेत डाळी-कडधान्ये, मासे, अंडी, मांस मिळून माणशी रोज ८५ ग्रॅम सांगितले आहेत. पाच माणसांस महिन्यास हे पावणेतेरा किलो होतात. आपल्या किनाऱ्यावर मासळी आहे म्हणून आपले निभते; पण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते, श्रावण पाळणारी घरे पुढचा महिना मासळी घेत नाहीत, आणि ह्याच दिवसांत लावणी-बेणणीचे कष्ट असतात. ज्या दिवसांत अंगास जास्त लागते त्याच दिवसांत ताटात कमी पडते. जुन्या आगोटीत सुके बोंबील, जवळा, सोडे व कडवे वाल भरपूर असत, ते केवळ जिभेच्या चवीसाठी नव्हते.

कापावयाचे असेल तर ते दुसरीकडे आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२३–२४ साली घरखर्चाची जी देशव्यापी पाहणी केली, तीत ग्रामीण भागातील माणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये निघाला. त्यापैकी अन्नावर ४७.०४ टक्के. त्या अन्नात तृणधान्यांचा वाटा एकूण खर्चाच्या ४.९९ टक्के, आणि पेये व तयार खाद्यपदार्थ ह्या सदराचा ९.८४ टक्के. म्हणजे तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी ह्या सर्वांवर मिळून खेड्यातील माणूस जितका खर्च करतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट तो बिस्किटे, फरसाण, पुड्यातील खाऊ, बाटलीतील पेये, बाहेरचा चहा व बाहेरचे जेवण ह्यांवर करतो. पाच माणसांच्या कुटुंबास हा आकडा महिन्यास दोन हजारांच्या वर जातो. वरील उदाहरणात आपणांस नेमके दोन हजारच कमी पडत होते. सरासरी ही सरासरी असते, आणि तीत शिधापत्रिकेवरील फुकट धान्य धरलेले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवूनही हा आकडा विचार करावयास लावणारा आहे.

मुलांच्या तोंडचा खाऊ काढून घ्या असे आमचे म्हणणे नाही. परंतु पाच व दहा रुपयांचे पुडे ही सर्वांत महाग खरेदी असते. पुड्यावर आता वजनाच्या मापाने एकक-भाव छापावा लागतो. तो लहान अक्षरांत असतो, पण असतो. शेंगदाण्याचा लाडू व पुड्यातील खारा खाऊ ह्यांचे किलोचे भाव एकदा मुलांकडूनच काढवून घ्यावेत. आमच्या धाकट्याने हा हिशेब केला व तो शाळेत सांगितला. खाऊ मात्र त्याने पूर्ण सोडला नाही.

वाण्याच्या खात्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. उधारी ही सर्वस्वी वाईट असे म्हणणारे बहुधा पगारदार असतात. ज्याचे पीक सहा महिन्यांनी यावयाचे त्याला कोणी तरी सहा महिने थांबणारा लागतोच, आणि गावचा वाणी हा सावकाराहून पुष्कळ पटीने सौम्य असतो. त्याचेही भांडवल गुंतलेले असते. तो ते भावात वसूल करतो, ह्यात त्याचा अपराध नाही. दोष आपला आहे तो असा की, खाते हे खरेदी सोपी करते. रोखीने जाणारा मुलगा दोन जिन्नस आणतो, खात्यावर जाणारा चार आणतो. आणि खात्यावर घेणारा भाव विचारीत नाही.

म्हणून ज्यांस खाते बंद करणे शक्य नाही त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. चोपडी दोन असाव्यात, एक दुकानी व एक घरी, आणि माल घरात आला की वजन व भाव घरच्या चोपडीत त्याच दिवशी उतरावा. खात्यावर माल आणण्याचा अधिकार एकाच माणसास असावा. ते माणूस घरची गृहिणी असावी असे आम्ही सुचवितो, कारण डब्यात काय उरले आहे हे तिलाच ठाऊक असते. आणि महिन्याची मर्यादा वाण्यालाच सांगून ठेवावी. ह्या शेवटच्या गोष्टीस पुष्कळ यजमान लाजतात. आम्हीही लाजलो होतो. एका वर्षी आमच्या खात्यावरील देणे इतके वाढले की, ते फेडण्यास दिवाळीच्या आधीच भात काढावे लागले, आणि त्यानंतर आम्ही दुकानी जाऊन, सात हजारांच्या वर गेल्यास माल देऊ नये, असे सांगून आलो. दुकानदार हसला नाही. त्याने आमच्या पानावर लाल शाईने आकडा लिहिला, आणि दुसऱ्याच महिन्याच्या पंचवीस तारखेस आमच्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठविले. त्या दिवशी घरात पुष्कळ बोलणे झाले.

पैसा कसा ठेवावा ह्याविषयी. वर्षाचा आकडा ठरल्यावर भाताचा किंवा सुपारीचा पैसा येईल तेव्हाच त्यातून सौद्याचा भाग वेगळा काढून तो बँकेत किंवा डाकघरात स्वतंत्र खात्यावर ठेवावा. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी त्यातून साध्या महिन्याचे ५,००० उचलावेत, वैशाखात आगोटीचे १२,००० उचलावेत, भाद्रपदात सणाचे. ज्या घरी मुंबईहून किंवा आखातातून दरमहा पैसा येतो, त्यांनी उलट करावे. दरमहा दोन हजार बाजूस टाकीत जावे म्हणजे ते वैशाखात हाती लागतात. पंतप्रधान किसान योजनेचा दोन हजारांचा हप्ता चार महिन्यांनी येतो; तो ह्या खात्यात वळविल्यास आगोटीचा निम्मा भार त्यावरच निघतो. शेतीसाठी काढलेल्या पीककर्जाला मात्र ह्या कामी हात लावू नये. वाणसौद्यात गेलेला पैसा पीक देत नाही, आणि कर्ज तर पिकाच्या वेळी मागावयास येते.

आगोटीत काय भरावे, ह्याचा नव्याने विचार झाला पाहिजे. पूर्वी माल येत नसे म्हणून सर्वच भरीत. आता जो जिन्नस हंगामात खरोखरी स्वस्त व चांगला मिळतो, किंवा जो घरीच वाळवता येतो, तेवढाच भरावा. तुरीची नवी डाळ माघ-फाल्गुनात, मिरची व नवा गहू त्यापुढे, गूळ हिवाळ्यात, असा बाजाराचा क्रम आहे. भातानंतरच्या ओलीवर घेतलेले वाल फाल्गुनात घरात येतात. कांदा चैत्र-वैशाखात घ्यावा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या हवेशीर जागी टांगल्यास पावसाळाभर टिकतात. आमसुले घरची. सुकी मासळी वैशाखाच्या शेवटास न घेता आधी, उन्हे कडक असताना घ्यावी, व घरी आणून पुन्हा वाळवावी. साबण, चहा, साखर, बिस्किटे ह्यांचा साठा करण्यात काही हशील नाही. साठा दिसला की हात मोकळा होतो, हा अनुभव सर्वांचा आहे.

साठविलेले नासले तर सर्व हिशेब व्यर्थ. कडधान्य दाताखाली कट्कन् फुटेपर्यंत वाळवावे, ऊन उतरल्यावर गार होऊ द्यावे, आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे; गरम भरल्यास आत घाम सुटतो. वालास चाळलेली राख व डाळीस एरंडेलाचा हात, ह्या जुन्या रीती चांगल्या आहेत. कीड मारण्याच्या ज्या गोळ्या बाजारात मिळतात त्यांतून विषारी वायू सुटतो. राहत्या घरात, माणसे निजतात तेथे, त्या कधीही वापरू नयेत. तिघा-चौघांच्या जिवापुढे कणगीभर भात काही मोठे नाही.

हा लेख लिहिण्यास खरे कारण २०२० सालचे आहे. त्या वर्षी ३ जून रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आपल्या श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीचे दिवस होते, मुंबईची माणसे गावी होती, आणि आगोट नुकतीच भरून झाली होती. पत्रे व कौले उडाली, आणि माळ्यावरील चार महिन्यांची बेगमी दोन तासांत भिजली. मिरच्या पाण्यात तरंगत होत्या. पुष्कळ गावांत वीज कित्येक दिवस आली नाही, त्यामुळे भिजलेले भात भरडताही येईना. ज्यांनी साठ्याचा काही भाग खालच्या खोलीत, पिंपात, झाकण लावून ठेवला होता, त्यांचे निभले. तेव्हापासून आमच्या घरी आगोट दोन ठिकाणी विभागून ठेवतात, आणि तांदळाचे पिंप माळ्यावर चढत नाही.

परंतु मोठे नुकसान साठ्याचे नव्हते. नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या सुपारीच्या पैशातून आमच्याकडील कित्येक कुटुंबांचा वर्षाचा वाणसौदा निघत असे, ती सुपारी गेली, आणि नवी पोफळ लावल्यापासून फळावर येण्यास साधारणतः सहा-सात वर्षे लागतात. वर्षाचा आकडा तोच राहिला व तो भरावयाचे खातेच नाहीसे झाले. आम्ही त्या पावसाळ्यात वही काढून प्रथमच सर्व जिन्नस वजनाने लिहिले, त्यात घरचे व विकतचे असे दोन रकाने पाडले, आणि जमेच्या बाजूस सुपारीचा रकाना आखून तो कोरा ठेवला. पुढील प्रत्येक वर्षी तो तसाच आखला व कोरा ठेवला. त्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी वाचलेल्या पोफळींवर आता पहिले शिपुट धरू लागले आहे. मंडळी विचारतात की ह्या खेपेस त्या रकान्यात काय लिहावयाचे. सुपारी उतरून, सोलून, वजन झाल्यावर लिहू.